मधलं बिस्किट

मी ट्रे बोलतोय. चहाचा नव्हे. त्याच्यावर फुलं रंगवलेली असतात आणि तो पाहुण्यांपुढे मिरवतो. मी भट्टीचा ट्रे. काळा, तेलकट आणि एका कोपऱ्यात वाकलेला. बोलायची मला सवय नाही, पण आता गप्प बसवत नाही. माणसांचं वागणं बघून बघून माझं डोकं भट्टीच्या बाहेरही तापायला लागलंय.

माझा जन्म एका पत्रेवाल्याच्या दुकानात झाला. मोठ्या पत्र्यातून आम्ही भावंडं कापली गेलो. पत्रेवाला लाकडी हातोडीने आमच्या कडा वळवत होता आणि फोनवर मेहुण्याशी भांडत होता. भांडण अगदी रंगात आलं, तेव्हा नेमका माझा चौथा कोपरा त्याच्या हाताखाली होता. तो कोपरा तेव्हापासून जरासा वर उचललेला आहे. मेहुण्याने काय केलं होतं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

मग बेकरीवाल्यांनी आम्हाला विकत आणलं. नव्या ट्रेला आधी तेल चोपडून रिकामाच भाजतात, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी मला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं म्हणून ही शिक्षा. पुढे पाव, टोस्ट, केक सगळं अंगावर घेतलं. एकदा कुणीतरी चिकटलेला केक सुरीने खरवडला आणि माझ्या मधोमध एक लांब तिरपी रेघ कायमची राहिली. त्या रेघेवर भाजलेल्या प्रत्येक बिस्किटाच्या पोटावर तिचा वळ उठतो. ते कुणाच्या लक्षात येत नाही, कारण बिस्किट पालथं करून बघतो कोण?

उन्हाळ्यात मला विचारत नाहीत. मैद्याच्या पोत्यांमागे पडून असतो आणि बेकरीतली मांजर माझ्यावर झोपते. माझा हंगाम हिवाळ्याचा. वर्ष संपत येतं, शाळा-कॉलेजांना सुट्ट्या लागतात, सकाळी बोलताना तोंडातून वाफ निघते, आणि आमच्या भागातल्या घराघरांत बिस्किटं करायची लाट येते. घरी एवढी मोठी भट्टी कुणाकडे असणार? म्हणून बेकरीवाले आम्हाला उसने देतात. लोक ट्रे घरी नेतात, पीठ मळतात, पेल्याच्या काठाने गोल बिस्किटं कापून मांडतात आणि पुन्हा बेकरीत आणतात. सकाळचे पाव निघाले की उरलेल्या आचेवर ती भाजली जातात. मग डबे भरायचे आणि ओळखीच्या घरी पोचवायचे.

ऐकायला किती छान वाटतं, नाही? मलाही वाटायचं. उसना ट्रे, सामाईक भट्टी आणि वाटून खायची बिस्किटं. जग असंच असावं असं मला वाटायचं. मग मी एका घराचा नेहमीचा झालो आणि माझे डोळे उघडले.

ते घर वहिनींचं. सगळा भाग त्यांना वहिनी म्हणतो, म्हणून मीही म्हणतो. दर सुट्टीला त्या बेकरीत येऊन म्हणतात, "तो वाकड्या कोपऱ्याचा द्या हो. तो माझ्या हाताला बसलाय." त्यांचे यजमान पोस्टात आहेत, सगळ्यांना समजून घेणारे, अंगाने बारीक. मुलगी कॉलेजात शिकते. जिभेला धार म्हणून वडील तिला मिरची म्हणतात.

वहिनी आल्याची बिस्किटं करतात. थंडीत लोणी दगड झालेलं असतं. ते त्या खिडकीतल्या उन्हात ठेवतात, आलं अगदी बारीक किसतात, गूळ पाण्यात विरघळवून गाळून घेतात. पीठ हाताखाली असं मऊ करतात की माझ्यावर मांडताना मलाच गुदगुल्या होतात. पण चाखायचं म्हणून नाव नाही! द्यायचं त्याला आधी आपण तोंड लावायचं नाही, हा त्यांचा नियम.

आता खरी गोष्ट ऐका. आमच्या भट्टीच्या मागच्या भिंतीला आच जास्त. माझा वाकडा कोपरा दाराशी अडतो, म्हणून मला नेहमी तोच कोपरा आत करून ढकलतात. साहजिकच त्या कोपऱ्यातली बिस्किटं करपतात. मधली मात्र अशी होतात की काय सांगू! कडेला खुसखुशीत, आत किंचित मऊ, रंग मधासारखा.

आणि वहिनी काय करतात? मधली सगळी डब्यांत. एक डबा डॉक्टरीणबाईंना, एक पेन्शनर काकांना, एक वरच्या मजल्यावर. करपलेली घरात.

"आपल्याला काय, आपण घरचेच आहोत," असं म्हणून ती काळी बिस्किटं त्या बशीत घालतात. पोस्टातले बाबा ती चहात बुडवून खातात आणि वर म्हणतात, "मला अशीच आवडतात. जरा कडवट असली की मजा येते." मिरचीने एकदा मधल्या बिस्किटाकडे हात नेला, तर फटकाच बसला. "हात मागे! ती डॉक्टरीणबाईंची आहेत."

"एक घेतलं तर डॉक्टरीणबाई उपाशी राहणार आहेत का?"

"डबा भरलेला दिसायला हवा."

किती हिवाळे गेले असे! बिस्किटं करणाऱ्या बाईने आपलं नीट भाजलेलं बिस्किट एकदाही खाल्लेलं नाही. लोक तोंडभर कौतुक करतात, ते तिला खोटं वाटतं, कारण तिच्या जिभेला ठाऊक आहे ती फक्त कोपऱ्याची चव. मी तिच्या ओट्यावर पडून मनातल्या मनात ओरडायचो. अहो, मधलं एक खा! पण पत्र्याचं ऐकतो कोण?

यंदा तर कहर झाला. सुट्ट्या लागल्या लागल्या वहिनी पहिला घाणा घेऊन बेकरीत आल्या. मी भट्टीतून बाहेर आलो तसं बेकरीवाल्यांनी नेहमीप्रमाणे मधलं एक बिस्किट उचललं. भट्टीचा मान म्हणून प्रत्येकाच्या ट्रेमधलं एक ते घेतात. ते फुंकून फुंकून खाल्लं आणि म्हणाले, "वहिनी, एक विचारू? या सुट्टीत काउंटरवर काचेच्या बरण्या मांडतोय. कंपनीची बिस्किटं भरणार होतो. त्यापेक्षा तुमची ठेवतो. वर तुमचं नाव लिहितो."

"माझं?" वहिनींचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, आता हो म्हणणार. दुसऱ्या क्षणी त्यांनी पदराने हात पुसायला सुरुवात केली. "चेष्टा करू नका हो."

"चेष्टा कशाला करू? मी खातो ना."

"तुम्ही मन राखायला म्हणताय. माझी जरा कडवटच होतात, मला माहितीये."

बेकरीवाले त्यांच्याकडे बघतच राहिले. "कडवट? बरं, विचार करा. पण लवकर सांगा, सुट्ट्या काय माझ्यासाठी थांबणार नाहीत."

वहिनी घरी आल्या. मला ओट्यावर भिंतीला टेकवून ठेवलं आणि कामाला लागल्या. घरात कुणी नव्हतं. थोड्या वेळाने बघतो तर त्या गॅसच्या सिलिंडरपुढे उभ्या राहून त्याच्याशी बोलत होत्या. "पाव किलो देऊ की अर्धा? आजचीच आहेत. नाही, नाही, अंडं नाही घातलेलं."

"अर्धा किलो द्या," मागून आवाज आला. "आणि माझ्याकडे सुटे नाहीत."

वहिनी दचकल्या. दारात मिरची. "तू कधी आलीस?"

"सिलिंडरने भाव केला तेव्हा. आई, तुला करायचंय हे. तुझ्या तोंडावर लिहिलंय. मग हो का म्हणत नाहीस?"

वहिनींनी उगाच एक पातेलं इकडचं तिकडे केलं. "फुकट दिलेलं लोक गोड मानून घेतात गं. विकत घेतलं की जीभ खरं बोलते. उद्या कुणी तोंड वाकडं केलं तर त्या बरणीवर माझं नाव असणार."

"मग मधलं एक खाऊन बघ आणि ठरव!"

"ती द्यायची आहेत."

मिरचीने कपाळावर हात मारून घेतला. मला हात असते तर मीही मारून घेतला असता.

सांगा, वैतागू नको तर काय करू? त्या घरात सोफ्यावर कव्हर आहे आणि कव्हरवर चादर आहे. चांगल्या बशा कपाटात आणि कानतुटके कप वापरात. चांगलं ते उद्यासाठी, परक्यासाठी, येणार की नाही ठाऊक नसलेल्या पाहुण्यासाठी. वाटून खायचं म्हणजे स्वतःला वगळून वाटायचं, असं कुणी शिकवलं यांना? जो आपल्या वाट्याला जळकं ठेवतो, त्याला आपण दुसऱ्याला काय देतोय याची खबर तरी असते का?

दिवस जात राहिले. वहिनींनी होही म्हटलं नाही आणि नाहीही. बेकरीवरून जायची वेळ आली की त्या पलीकडच्या फुटपाथने जाऊ लागल्या. मिरचीने रोज विचारायचं आणि त्यांनी रोज "बघू" म्हणायचं.

मग एका दुपारी शेजारच्या शिक्षिकाबाईंकडून एक डबा आला. वहिनींनी चहा टाकला होता. डब्यात आल्याची गोल बिस्किटं. आमच्याकडे सगळेच पेल्याने कापतात, त्यामुळे तोंडावरून ओळख पटणं अवघड. वहिनींनी एक उचललं तेव्हा त्याचं पोट क्षणभर माझ्याकडे झालं आणि मी हबकलो. पोटावर तिरपा वळ! ते माझंच होतं. वहिनींनीच केलेलं, माझ्याच मधोमध भाजलेलं. कुठे कुठे फिरून परत आलं होतं.

वहिनींनी चावा घेतला. चावता चावता थांबल्या. चहा उतू गेला तरी त्यांचं लक्ष नाही.

"मिरचे, इकडे ये. हे खाऊन बघ." त्यांनी अर्धं मोडून मुलीच्या हातावर ठेवलं. "जरा मऊ पडलंय, पण आलं बघ कसं मागून येतं. कडवटपणा नावाला नाही. असं यायला हवं. मला इतक्या वर्षांत एकदाही जमलं नाही."

"मस्त आहे," मिरची तोंड भरलेलं असतानाच म्हणाली. "कुणाचं?"

"शिक्षिकाबाईंचं." वहिनींनी दुसरं उचललं आणि तेही संपवलं. मग डब्याचं झाकण लावलं. "खरं म्हणजे बेकरीवाल्यांनी बरणीसाठी यांना विचारायला हवं. मी सांगते त्यांना. त्याआधी बाईंना कृती विचारून येते. चल."

देवा रे! आपलंच बिस्किट खाऊन ही बाई आपल्याच जागेवर दुसरीला बसवायला निघाली होती. मी ओट्यावरून घसरून खाली पडलो. मुद्दाम. केवढा आवाज झाला! मिरचीने मला उचलून पुन्हा टेकवलं आणि दोघी गेल्या.

त्या परतल्या तेव्हा बाबा पोस्टातून आलेले होते. मिरची दारातच चप्पल काढता काढता हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. वहिनींच्या चेहऱ्यावर मात्र हसू नव्हतं.

"बाबा, ऐका," मिरची म्हणाली. "शिक्षिकाबाई म्हणाल्या, मी कुठली करतेय, इथे पेपर तपासायचे ढीग पडलेत. ती चष्म्याच्या दुकानवाल्यांनी दिली. मग आम्ही चष्मेवाल्यांकडे गेलो. ते म्हणाले, पाहुण्यांसाठी राखून ठेवली होती, पाहुणे आलेच नाहीत, म्हणून बाईंना दिली. आमच्याकडे डॉक्टरीणबाईंकडून आली. मग डॉक्टरीणबाईंकडे. त्या आईकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, अहो वहिनी, ही तुमचीच की!"

"मग?" बाबांनी विचारलं.

"मग काय! आई म्हणाली, शक्य नाही, माझी अशी होत नाहीत. बाबा, आई त्यांच्याशी भांडायला लागली. आपली बिस्किटं आपली नाहीत म्हणून!"

"त्यांचा गोंधळ होतोय," वहिनी ठामपणे म्हणाल्या. "दहा घरचे डबे येतात त्यांच्याकडे."

मिरची हसायची थांबली. तिने शिक्षिकाबाईंच्या डब्यातलं एक बिस्किट हातात घेतलं, चहूकडून बघितलं, पालथं केलं. तिचा अंगठा त्या वळावरून फिरला. मग तिने मला ओढलं, टेबलावर आडवं केलं, आणि बिस्किट माझ्या रेघेवर ठेवून हळूहळू फिरवलं. ते रेघेत नीट बसलं. तिने दुसरं ठेवलं. तेही बसलं.

"आता हा ट्रेसुद्धा गोंधळलाय का?"

वहिनी खुर्चीत बसल्या. मला वाटलं, आता त्या आनंदाने रडतील. पण त्यांच्या कपाळावर आठी चढली, आणि मला ती फार आवडली.

"म्हणजे कुणी खाल्लीच नाहीत," त्या म्हणाल्या. "तीन घरं फिरली आणि कुणी तोंडात घातलं नाही. गेल्या हिवाळ्यात डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या होत्या, काय चव आहे हो तुमच्या हाताला! कशावरून म्हणाल्या?"

"डब्यावरून," बाबा म्हणाले.

"हसू नका. मी इथे हाताची साल निघेपर्यंत आलं किसते आणि ही माणसं..."

"आणि तू?" मिरचीने विचारलं. "डॉक्टरीणबाईंनी दिलेला केक कुठे आहे?"

"तो कपाटावर ठेवलाय. कुणी पाहुणे आले तर..." वहिनी बोलता बोलता थांबल्या. मग बाबा उठले, स्टूल घेतलं, कपाटावरून केक काढला. तो इतका कडक झाला होता की सुरी त्यात अडकून बसली.

"एक मलाही सांगायचंय," बाबा सुरी ओढत म्हणाले. "मला करपलेली आवडत नाहीत."

"काय?"

"लग्नानंतर पहिल्यांदा केलीस तेव्हा तुला वाईट वाटू नये म्हणून म्हणालो. तू दर वर्षी तीच वाढत गेलीस. मग कुठल्या तोंडाने माघार घेऊ? कडू लागतात गं. फार कडू लागतात."

वहिनींनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आधी मला कळेना काय चाललंय, मग खांदे हलताना दिसले. त्या हसत होत्या. पण ते हसू लवकर आटपलं. "इतकी वर्षं," त्या हळूच म्हणाल्या. "इतकी वर्षं मला वाटायचं, मला येतच नाही."

मला राग आला. कुणावर ते विचारू नका. एकावर असता तर सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी पीठ मळलं. मळताना चिमूटभर तोंडात टाकलं, बरं का! मला घेऊन त्या बेकरीत आल्या, पलीकडच्या फुटपाथने नाही, सरळ. मी भट्टीत गेलो आणि बाहेर आलो. बेकरीवाल्यांचा हात नेहमीसारखा पुढे आला, पण वहिनींनी त्यांच्या आधी मधलं बिस्किट उचललं. चटका बसला, तरी सोडलं नाही. मोडलं, वाफ निघाली, आणि तिथेच, पिठाच्या पोत्याशेजारी उभ्या राहून त्यांनी ते सगळं खाल्लं.

बेकरीवाले बघत होते. मिरचीही मागोमाग आली होती.

"मीठ चिमूटभर कमी आहे," वहिनी म्हणाल्या. "बाकी चांगलं आहे."

अहो, काय वाटलं मला म्हणून सांगू! चांगलं आहे, हे तिने स्वतः म्हटलं. आणि काय कमी आहे, तेही तिनेच सांगितलं.

"बरणीचं काय झालं?" त्यांनी विचारलं.

बेकरीवाले ओशाळले. काउंटरवर बरण्या ओळीने मांडलेल्या होत्या आणि सगळ्या कंपनीच्या बिस्किटांनी गच्च भरलेल्या. "वहिनी, तुम्ही उशीर केलात हो. मी किती वाट बघायची? पुढच्या हिवाळ्यात बघू."

मला वाटलं, संपलं. आता त्या "असू दे, असू दे" म्हणतील आणि पदराने हात पुसतील. जन्मभर तेच केलंय त्यांनी.

"पुढच्या नाही," वहिनी म्हणाल्या. "त्यातली एक रिकामी करा."

"अहो, पण त्यातलं ओतू कुठे?"

"तुम्ही खा. कुणीतरी खायला नको का?"

बेकरीवाले कोपऱ्यातल्या बरणीचं झाकण फिरवायला लागले. माझ्यावरची मधली बिस्किटं वहिनींनी आपल्या हाताने बरणीत भरली. करपलेली राहिली ती त्यांनी कागदात गुंडाळून भट्टीशेजारच्या टोपलीत टाकली. सुट्ट्या संपायला थोडेच दिवस उरलेत. म्हणजे यंदा अर्धा हंगाम वायाच गेला, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. पण रोज सकाळी मी त्या घरून येतो आणि दुपारपर्यंत बरणीचा तळ दिसतो. कुणी तोंड वाकडं केल्याचं ऐकलं नाही. मीठही आता बरोबर पडतं.

तुम्हाला वाटेल, मग आता तरी हा ट्रे शांत झाला असेल. कसला शांत! आज वहिनींच्या घरचा घाणा उतरला आणि बेकरीवाल्यांनी मला दुसऱ्या घरी धाडलं. तिथे एक बाई तीळ लावून सुंदर बिस्किटं मांडत होत्या. शेजारी त्यांच्या सासूबाई बसून सांगत होत्या, "मधली डब्यात हं. कडेची आपल्याला." आणि बाई मान डोलावत होत्या. मी काय करू? किती घरांत किती वेळा ओट्यावरून पडू?

म्हणून तुम्हालाच सांगतोय. वाटा, जरूर वाटा. कुणाकडून डबा आला तर त्यातलं एक त्याच दिवशी खा आणि मगच कौतुक करा. कपाटावर ठेवू नका. आणि तुम्ही करत असाल तर डबे भरायच्या आधी मधलं एक उचला, मोडा, घरातल्या सगळ्यांच्या हातावर ठेवा आणि उरलेलं तुम्ही खा. डबा जरा रिकामा दिसला तर दिसू दे.

भट्टीचं दार उघडलं. तिळाची बिस्किटं अंगावर घेऊन मी आत निघालोय, आणि त्या बाई बाहेर डबे पुसत उभ्या आहेत. थोड्या वेळात बाहेर येईन. तेव्हा तरी, बाई, हात पुढे करा.